दोऱ्याच्या वर

आमच्या प्रदर्शनात पाच जणांची समुद्रचित्रं होती. भिंतीवर आडवा दोरा ताणून आम्ही सगळी क्षितिजं एका रेषेत आणली, खिळे ठोकले. दोरा काढायचा राहिला.

माझ्या चित्रात अप्पा, माझे वडील, गिरगाव चौपाटीच्या वाळूत पाठमोरे बसले होते. रोज दुपारी बसतात तसे.

दुसऱ्या दिवशी पाचही क्षितिजं दोऱ्याच्या चार बोटं वर होती.

"खिळे सरकले असतील," मी म्हणाले.

आमच्या पाचांतल्या गंधारने फूटपट्टी लावून बघितली. "नाही गं ऋता. फ्रेम्स जागच्या जागी आहेत. पाणी चढलंय."

माझ्या चित्रात ते अप्पांच्या कमरेला लागलं होतं.

तिसऱ्या दुपारी वाळू उरलीच नव्हती. पाण्यावर अप्पांची फक्त टोपी दिसत होती. मी फोन लावला.

"अप्पा, कुठे आहात?"

"चौपाटीवर. आणखी कुठे?"

"आधी उठा तिथून! पाण्यापासून लांब व्हा."

"अगं, ओहोटी आहे. पाणी पार लांब गेलंय." ते खाकरले. "पण मघापासून तोंडात खारट पाणी भरतंय बघ. सारखा थुंकतोय, तरी थांबतच नाही."