कोरा समास

"मॅडम, माझी श्रेणी बदलून द्या." मुलगी दारातच उभी राहून म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. अशा विनवण्या दर सत्राच्या शेवटी यायच्या. 'ब'चा 'अ' करा, 'क'चा निदान 'ब' तरी. बाई कुणालाच दाद द्यायच्या नाहीत. एम.ए.च्या मुलांनी पाठीमागे त्यांचं 'करवत' असं नाव पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पण या मुलीला त्यांनी 'अ' दिला होता. साऱ्या वर्गात एकटीला.

"अगं, 'अ'च्या वर काय देऊ तुला?"

"वर नको. खाली आणा."

बाईंच्या सेमिनारचे नियम पहिल्याच तासाला सांगून व्हायचे. वाचून यायचं, बोलायचं, गप्प बसलात तर गुण गेले. शेवटी एक निबंध लिहायचा. त्यात दहा पुस्तकांची उसनी मतं नकोत. स्वतःचं एकच मत हवं, पण ते आपल्या पायावर उभं राहायला हवं. नियम सगळ्यांना सारखे. सख्ख्या भाचीलाही बाईंनी एकदा 'क' दिला होता, आणि बहिणीने पुढे वर्षभर अबोला धरला होता.

सत्राच्या मध्यावर ही मुलगी एकदा उशिरा आली. केस विस्कटलेले, हातात पुस्तक नाही. बाईंनी प्रश्न विचारला तर नुसती बघत राहिली.

"तयारी नसेल तर खुर्ची अडवायला येऊ नये," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. कुणीतरी फिसकन हसलंही. मुलगी तास संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहिली.

पुढे काही दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांकडून कळलं. ती हॉस्पिटलमधून थेट वर्गात आली होती. तास चालू असतानाच तिकडे तिचे वडील गेले.

वर्गात बोललेलं ते वाक्य बाईंना गिळताही येईना, थुंकताही येईना. भाजी निवडताना आठवायचं, दात घासताना आठवायचं. मुलगी पुन्हा वर्गात यायला लागली, पण बाई तिला प्रश्नच विचारेनाशा झाल्या. तिच्यापाशी आलेली नजर तशीच पुढच्या मुलाकडे न्यायच्या. माफी मागायची म्हणून एकदा तिला खोलीत बोलावलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत पाठवलं.

मग निबंधांचा गठ्ठा आला. तिच्या निबंधाचं पहिलं पान बाईंनी वाचलं. पुढे वाचलं तर चुका दिसणार, आणि दिसल्या की लिहाव्या लागणार. त्यांनी पानं मिटली, वर 'अ' लिहिला, खाली 'उत्तम'. कितीतरी आठवड्यांनी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

आता तोच निबंध मुलीने टेबलावर ठेवला.

"बाकीच्यांच्या समासात तुम्ही बोटभर जागा ठेवली नाहीत, मॅडम. माझा समास अख्खा कोरा आहे. तुम्ही वाचलाच नाहीत ना?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. "नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुला जे बोलले, त्यानंतर... माझा धीरच झाला नाही गं."

"मग हा 'अ' माझा नाही. तुमचा आहे."

बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं. पेन्सिल घेतली आणि वाचायला लागल्या. मुलगी समोर बसून राहिली.

निबंध गावातल्या विहिरींवर होता. नळ आले आणि विहिरी बुजल्या, त्याची हकिगत. सुरुवात झणझणीत होती. बाईंनी एका वाक्याखाली कौतुकाने रेघही ओढली. पण पुढे सगळं ढासळलं. लोकांनी विहिरी आपणहून सोडल्या, असं मुलीचं म्हणणं, आणि पुरावा सगळा नगरपालिकेच्या अहवालांचा. ज्यांनी विहिरी बुजवल्या, त्यांचीच साक्ष! निबंधाला 'ब' मिळाला असता, तोही ओढूनताणून.

बाईंनी वर पाहिलं. मुलीचे डोळे खोल गेले होते. कुडत्याचं बटण चुकीच्या काजात अडकलं होतं. पेन्सिल समासावर टेकली आणि तिथेच थांबली.

"हे आज नको," बाई हलकेच म्हणाल्या. "तू जरा सावर. मग निवांत बसून सांगते."

"आत्ताच सांगा, मॅडम." मुलीने खुर्ची पुढे ओढली. "हॉस्पिटलात सगळे मला 'सुधारणा आहे, सुधारणा आहे' असंच म्हणत होते. म्हणून तर त्या दिवशी मी बाबांना सोडून तुमच्या तासाला आले."