आधी चार घास

सार्जंटची बायको कालेक्ये उंबऱ्यातूनच म्हणाली, "न्दिंदा, स्योम्बुआकडे जा. पाद्री निघालेत. मुथेऊला मी नेते माझ्याकडे."

न्दिंदाने पुढे काही विचारलं नाही. या कामात कुणी विचारत नसे. तिने हात पुसले, लेकीला कालेक्येच्या स्वाधीन केलं आणि बराकींच्या मागच्या वाटेला लागली.

सोमालियात लढायला गेलेल्या कुणा जवानाची वाईट बातमी आली की छावणीतली एखादी बाई आधी त्याच्या बायकोला गाठायची. बातमी सांगायची नाही, जेवू घालायचं. एकदा कानावर पडलं की दिवसेंदिवस घास उतरत नाही. ही रीत न्दिंदानेच पाडली होती. बाईचं जेवण होईपर्यंत बातमी घेऊन आलेले पाद्रीही कुंपणापाशी थांबत. पहिल्या वेळी न्दिंदा घरी येऊन रडली होती. आता काहीच होत नसे. आत सगळं बधिर झालं होतं. हात तेवढे चालत.

स्योम्बुआचा नवरा न्झाऊ आणि न्दिंदाचा म्बिथी तिकडे एकाच तळावर होते. न्झाऊला म्बिथीनेच उचललं असेल, असं चालता चालता तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं.

स्योम्बुआच्या शेगडीवर मका-घेवड्याची उसळ रटरटत होती. घरात पोरं नव्हती. कालेक्येने वेळेवर हलवलेली दिसतात, न्दिंदाला वाटलं.

"ये गं," स्योम्बुआ म्हणाली. तिचे डोळे लाल होते. कोळसा ओला निघाला म्हणाली.

काही बायकांना आधीच कळतं.

न्दिंदाने नेहमीची युक्ती काढली. सकाळपासून उपाशी आहे, पण एकटीला जेवण जात नाही, तूही बैस, असं तिने सांगितलं. स्योम्बुआने निमूट दोन ताटल्या भरल्या. समोरचीने खावं म्हणून न्दिंदा मोठमोठे घास घेऊ लागली. स्योम्बुआ नुसते दाणे इकडचे तिकडे करत होती.

"खा की. स्वतःच्या हातची उसळ स्वतःलाच नको?"

"चाखून चाखूनच पोट भरलं माझं. तू घे." तिने न्दिंदाला आणखी पळीभर वाढलं. "गेल्या खेपेला माझ्या घेवड्याला दगड म्हणालीस ना? आज दाणा उरता कामा नये."

न्दिंदा हसली आणि तेही संपवलं. वर पाणी प्याली. समोरची ताटली तशीच भरलेली. असं चालायचं नव्हतं. तिने एक घास उचलला आणि लहान पोराला भरवावं तसा स्योम्बुआच्या तोंडाजवळ नेला.

स्योम्बुआने तिचं मनगट घट्ट धरलं. सोडलं नाही. मग दाराकडे तोंड करून हलकेच म्हणाली,

"या, फादर. तिचं जेवण झालं."