रोल नंबर एक

२०२३ सालच्या जुलै महिन्यातली ही गोष्ट. भातकुलीच्या रस्त्यावर एक लहानसं आर्ट्‌स कॉलेज आहे. तिथल्या ऑफिसात सुभद्राबाई नातीचा प्रवेश करायला आल्या होत्या. टेबलाजवळच्या बाकावर बसल्या होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

"चाल वं पौर्णिमा. फारम भरला न? काळीपिवळी निघून जाईन."

"थांब न आजी, दोनच मिनिटं." पौर्णिमा टेबलावर वाकली. "काका, आमची आजी बी इथंच शिकली. चौसष्टले."

देवीदास क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. "चौसष्टले? म्हणजे पहिल्या तुकडीतल्या? अवं माय! पुढच्या साली कॉलेजले साठ वर्षं होतात. पहिल्या तुकडीचा सत्कार ठेवला आहे साहेबांनी. चौदा नावं, अन् मले एक जितं माणूस सापडून नाही राहिलं!" म्हणेपर्यंत तो जुनी हजेरी काढायला उठलासुद्धा.

सुभद्राबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी कॉलेजात सहा महिने होती, असं त्या लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या. आधी सासूला, मग सुनांना, मग नातवंडांना. खिडकीजवळचा बाक, बाहेरचा कडुलिंब, धोतर नेसून इंग्रजी शिकवणारे कमलाकांत सर. पोरीला कॉलेजात घालायचं नाही असं मुलगा म्हणाला, तेव्हा त्या याच बळावर त्याच्याशी भांडल्या होत्या. मी गेली तं काय आभाळ कोसळलं का?

देवीदासनं लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणून टेबलावर झटकलं. "माहेरचं नाव सांगा, मावशी."

"राहू द्या न भाऊ. कशाले जुने कागद उकरता?"

"सुभद्रा पुंजाराम गावंडे," पौर्णिमानंच सांगून टाकलं.

पहिल्याच पानावर पहिलंच नाव. पौर्णिमा हरखली. तिचं बोट ओळीवरून पुढे सरकलं आणि मग हळू झालं. खालच्या तेरा ओळींत 'ह' आणि 'अ' दाटीवाटीनं बसले होते. त्यातल्या दोन नावांवर लाल शाईची रेघ होती. पंधरा दिवस फिरकलं नाही की नाव कापायचं, असा नियम होता. पहिली ओळ मात्र कोरी. ना ह, ना अ, ना रेघ.



"एक दिस बी नाही आली मी," सुभद्राबाई फरशीकडे पाहत म्हणाल्या. "फारम भरला त्या दिवशी तासभर बसली होती त्या खोलीत. सरांले म्हटलं, वावरातलं निंदण आटोपलं की येतो. निंदण झालं तं कापसाची वेचणी आली. वेचणी सरली नाही तोच लग्न. बाकीचं सारं त्या एका तासातून मीच रचलं, पोरी. तुह्या बापाले सांगू नको. तुह्यं कॉलेज बंद करन थो."

देवीदासनं रजिस्टर आपल्याकडे वळवलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, तिरपं अक्षर होतं. त्यानं ते सावकाश वाचलं.

"निंदणानंतर येणार. वाट पाहावी."

मग त्यानं पासष्टचं रजिस्टर काढलं. एक नंबरला तेच नाव, कोरी ओळ, शेवटी 'वाट पाहावी'. सहासष्टलाही तेच. सदुसष्टच्या पानावर नाव नव्हतं. पण त्या जागी दुसरं कुणीही नव्हतं. यादी दोनपासून सुरू होत होती.

"आज बी दोनपासूनच सुरू होते," देवीदास म्हणाला. "एकतीस वर्षं झाली मले इथं. एक नंबर कोणाले द्यायचा नाही, असं आधीच्या बाबूनं सांगतलं होतं. काहून, थे त्याले बी माईत नव्हतं."

सुभद्राबाईंनी हात पुढे करून त्या तिरप्या अक्षरावर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं, शाई ओली असावी तसं.

"सत्काराच्या यादीत घेतो नाव, मावशी. शाल, नारळ..."

"शाल नको, भाऊ. एक डाव नाव पुकारा. सर पुकारत असतीन तसं."

देवीदासनं चष्मा डोळ्यांवर घेतला. शर्टाची वरची गुंडी लावली. उभा राहिला.

"रोल नंबर एक. कुमारी सुभद्रा पुंजाराम गावंडे."

शहात्तर वर्षांची बाई बाकाचा आधार न घेता उठली.

"आली, सर."

देवीदास पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाला. आता अकोल्याला मुलाकडे असतो. त्या ओळीत त्यानं 'ह' लिहिला नाही. जुन्या कागदाला हात लावायचा नसतो. साठ वर्षांचा सोहळा झाला, त्याला सुभद्राबाई गेल्या नाहीत. गेल्या मार्गशीर्षात त्या वारल्या. नव्या बाबूच्या संगणकाला रिकामा आकडा चालत नाही, तेव्हा कॉलेजची यादी आता एकपासून सुरू होते. पौर्णिमा यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

घरी कुणी पाहुणा आला की तिचा बाप अजून कौतुकानं सांगतो, "आमची माय त्या जमान्यात कॉलेजात होती. चांगली सहा महिने."

पौर्णिमा चहाचे कप खाली ठेवते.

"सहा महिने नाही, बाबा. तीन वर्षं. मी रजिस्टर पाह्यलं."