ढगांच्या छताची खोली

"चप्पल काढू की राहू दे?" आईने दारातूनच विचारलं.

धाकटी सिस्टर दचकून वळली आणि पळीतलं पातळ पीठ लोखंडी तव्याऐवजी ओट्यावर सांडलं.

"आई! तू? आज?"

"मग काय उद्या येऊ? उद्या तुझी व्रतं झाली, की विचारून काय उपयोग?"

म्हणजे विचारायला आली होती! उद्या सकाळी धाकटी मठाची कायमची होणार होती. त्यानंतर ना घर तिचं, ना घरातला चमचा तिचा. जिला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं अशी एकच बाई जगात होती, आणि ती समोर रुमालाने वारा घेत उभी होती.

या खोलीत चर्चमधल्या प्रार्थनेत वाटायच्या भाकरीच्या पांढऱ्या चकत्या तयार होत. नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. दोन तापल्या तव्यांमध्ये दाबलं, की कागदाहून पातळ पापुद्रा निघे. वाफेत खिडकीतला उजेड विरघळून जाई, पिठाचे कण खाली यायचं विसरून नुसते तरंगत राहत. सगळी खोली कुणाला तरी पडलेलं स्वप्न वाटे, आणि तो माणूस अजून जागा व्हायचा असे.

"चालत आलीस?"

"पाय आहेत की मला."

"आणि गाडी?"

"गाडीचं काय घेऊन बसलीस! हे काय, कागद भाजतेयस की काय?"

कोपऱ्यात चकत्या कापत बसलेली थोरली सिस्टर खुदकन हसली. तिने कापून उरलेल्या कडांची वाटी पुढे केली. "बसा हो. कागद खाऊन तर बघा."

आईने एक कड तोंडात टाकली. "चवच नाही याला."

"लागते हळूहळू," थोरली सिस्टर म्हणाली आणि पुन्हा मान खाली घालून कापू लागली.

धाकटीने मठात येताना सगळं सोडलं होतं. कपडे, पियानो, कानातली मोत्यांची फुलं. मैत्रिणींनी तर तिला वेड्यातच काढलं होतं. पण एक गोष्ट तिने कुणालाही न सांगता बरोबर आणली होती. डोळे मिटले, की ती घरातल्या तिच्या निळ्या खोलीत जायची. छतावर बाबांनी रंगवलेले ढग होते. बाबा गेले, ढग राहिले. ती पलंगावर पडायची, ढग हळूच सरकायला लागायचे, पलंग होडीसारखा डुलायचा आणि मठातला कठीण दिवस कुठल्या कुठे वाहून जायचा. काही बिनसलंच, तर परत जायला जागा आहे. देवाला सगळं दिलं असं ती रोज म्हणायची, आणि ते एक दार रोज किलकिलं ठेवायची.

"ढग आहेत अजून?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"आहेत की. एकाला ओल आलीय. तो आता पावसाळी दिसतो."

"आणि माझा पलंग?"

"तिथेच. चादर रोज बदलावी लागते."

रोज! धाकटीला भरून आलं. "पियानो बंदच असेल ना?"

"बंद कसला! ज्याला हौस येते तो बडवतो. एकही सूर जागेवर नाही. कान किटले माझे."

आत्याची मुलं असणार. म्हणजे एकटेपणा नको म्हणून आई सारखी पाहुणे गोळा करत असणार. धाकटीने तव्यावर पीठ ओतलं, पण वरचा तवा दाबायचं तिला सुचेना.

"तुला घर खायला उठतं का गं, आई?"

"ठमे, फिरवाफिरवी नको," आई म्हणाली. "येतेस का घरी? हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मी रागावणार नाही. पण मला आज कळलं पाहिजे."

थोरल्या सिस्टरचे हात थांबले.

धाकटीने डोळे मिटले. खोली आलीच. खिडकीतून वारा आला, पलंग डुलला, ढग सरकू लागले. किती सुंदर! नुसतं हो म्हटलं, की संध्याकाळी ती खरोखर त्यांच्याखाली असणार होती. तिने मान वर केली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की हे ढग तर छतावर आहेत. यांच्यामागे खरं आकाश आहे, आणि इथून ते कधी दिसलंच नाही.

प्रभू, हे एवढंच राहिलं होतं, ती मनात म्हणाली. हेही घे.

तिने डोळे उघडले. तव्यावरचं पीठ करपून काळं झालं होतं.

"नाही येत, आई."

आईने रुमालाने कपाळ पुसलं.

"आणि ती खोली माझ्यासाठी ठेवू नकोस. कुणाला तरी देऊन टाक. अगदी मनापासून सांगते."

आई मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. धाकटी घाबरून धावली. थोरली सिस्टर पाण्याचा पेला घेऊन आली. आईने तो एका दमात रिकामा केला आणि इतका मोठा सुस्कारा सोडला, की समोरचं पीठ उडालं.

"दिली गं बाई! केव्हाच दिली. अख्खं घरच अनाथ पोरींना देऊन टाकलं. तुझ्या त्या पलंगावर तिघी आडव्या झोपतात, आणि तू येते म्हणाली असतीस तर तुला निजवायचं कुठे, या घोराने रस्ताभर माझे पाय लटपटत होते!"