भंडाऱ्याचे हात

"दारूचं दुकान बंद करा म्हणणाऱ्यांनी हात वर करा," ग्रामसभेत ग्रामसेवक म्हणाले. माझा हात झटक्यात वर गेला.

एकटाच. सकाळीच खंडोबाच्या देवळात आम्ही चाळीस जणींनी मुठीत भंडाऱ्याची हळद घेऊन शपथ वाहिली होती. ताट माझ्या धाकट्या जावेनं, वैजूनं धरलं होतं. आता सगळ्या नुसत्या एकमेकींकडं बघत होत्या.

"वैजू, उचल की गं!"

"सगळ्या उचलू द्या आक्का, मग मी हायेच."

"आता दुकान चालू ठेवा म्हणणारे?" ग्रामसेवकांनी विचारलं.

पुढं बसलेल्या बाप्यांचे हात वर झाले. ते बघून एका बाईचा झाला, तिचा बघून शेजारणीचा. मान खाली घालून वैजूनंही केला.

मी वळून पाहिलं. बायकांचा एकूणएक तळवा माझ्याइतकाच पिवळाधमक होता.