ताटातलं नाव

गंधालीने जुन्या मतदारयाद्या धुंडाळून घराण्याची वंशावळ रचली, पण आईच्या माहेरच्या नावापाशी अडली. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘पद्मजा’ लिहिलं, तेव्हापासून घरात तेच नाव. “आई से पूछ लो ना, बाबा!” गंधाली म्हणाली. “नको, पोट्टे! मी विसरलो हे कळेल तिले.” म्हणून दोघं गुपचूप लॅपटॉपपुढे बसली. आईच्या माहेरच्या मोहल्ल्यातल्या, बूढापाऱ्यातल्या, एका शाळेची जुनी रजिस्टरं नेटवर फुकट होती. तिसऱ्या दिवशी आईच्या वडिलांच्या नावापुढे सापडलं: मुलगी वीणा, इयत्ता पहिली. आई अंगणात तांदूळ निवडत होती. बाबा समोर बसले. अंगठी काढून त्यांनी ताटात ‘वीणा’ लिहिलं. आई खळखळून हसली. “हे तं मोठ्या ताईचं नाव जी! तिचंही लग्नात बदललं.” मग तिने तांदूळ सारखे केले, त्यांच्या हातातली अंगठी घेतली आणि स्वतःच लिहिलं: पूर्णिमा.