सात वळणांची शर्यत

"जिंकले! मी जिंकले!" ठिणगी हेल्मेट न काढताच ओरडत होती, त्यामुळे बाहेर नुसतंच "हुं हुं हुं" ऐकू येत होतं.

तिच्यामागून बेकरीवाले काका पोचले, मग दातांच्या डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी मामा. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीभोवती सात वळणं, तीन फेऱ्या आणि चार क्वाड, म्हणजे जाडजूड चार चाकांच्या मोटारसायकली. कोणाचे कपडे मुळात कुठल्या रंगाचे होते, ते आता फक्त चिखलाला माहीत.

"सातव्या वळणावर तू माझ्या शेजारून गेलीस की अंगावरून गं?" काकांनी विचारलं. "मी ब्रेक मारतोय तोवर तू गायब!"

"मग तुम्ही एवढा ब्रेक मारताच कशाला?"

"नाहीतर सरळ डबक्यात जाईन! मला बाहेर कोण काढणार, बेडूक?"

"हिला भीतीच वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तपासायला हवं. भीतीची दाढ यायचीय वाटतं अजून."

मामा नुसता मिशीतल्या मिशीत हसला.

ठिणगी हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्याच्या गॅरेजात हे चौघं दर रविवारी जमायचे. दोन मेलेल्या क्वाडचे भाग जोडून वर्षापूर्वी त्याने भाचीसाठी लाल क्वाड उभी केली होती. त्या दिवशी आईने मामाला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून तासभर झापलं. काय काय कबूल करून तो बाहेर आला, ते त्यालाच ठाऊक. पण ठिणगीला परवानगी मिळाली होती, बाकी चौकशा करतंय कोण!

नियम एकच होता. एकमेकांच्या गाडीवर बसायचं नाही. "दुसऱ्याची क्वाड म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश," असं डॉक्टर म्हणायच्या, आणि त्या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

आजची शर्यत साधी नव्हती. आज जो जिंकेल तो पुढच्या रविवारी नदीपलीकडच्या गटाशी एकटा भिडणार होता. चार वर्षं तो गट जिंकत होता आणि चार वर्षं त्यावरून चिडवत होता. आणि आता ठिणगी जाणार होती! नववीतली! जिंकायच्या आधीच तिने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, ती गोष्ट वेगळी.

गॅरेजात चहा झाला. काकांच्या डब्यातल्या बिस्किटांवर धाड पडली. चिखलात टायरची हवा किती कमी ठेवायची, यावरून काका आणि डॉक्टरांची नेहमीसारखी जुंपली. ठिणगी हात धुवायला मागे गेली आणि क्वाड ठेवलेल्या मागच्या शेडमधून परत आली.

चारही क्वाडच्या मधोमध मामा उकिडवा बसला होता. हातात स्क्रूड्रायव्हर. तिला पाहताच त्याने तो खिशात सारला.

"काय करतोयस, मामा?"

"कुठे काय? हवा बघत होतो."

स्क्रूड्रायव्हरने हवा?

ठिणगीला एकदम कालची गोष्ट आठवली. कालच एक गिऱ्हाईक आपल्या मुलाची छोटी क्वाड घेऊन आलं होतं. क्वाडला वेग द्यायचा तो हँडलजवळची पट्टी उजव्या अंगठ्याने दाबून. त्या पट्टीपाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आवळला की पट्टी अर्ध्यातच अडते आणि वेगही अर्ध्यावर राहतो, असं ते गृहस्थ मोठ्या कौतुकाने सांगत होते. ती वाकून बघणार, तेवढ्यात मामाने तिला फडकं आणायला पिटाळलं होतं.

आता सगळं जुळत होतं. तीन वर्षं पहिल्या येणाऱ्या डॉक्टर आज तिसऱ्या. मामा चक्क शेवटचा!

ती तरातरा आत गेली.

"पुढच्या रविवारी मी जाणार नाही."

काकांचं बिस्कीट चहात पडलं.

"तुम्ही तिघांनी आपापले स्क्रू आवळलेत. पोरगी खूश होईल म्हणून मला जिंकवलंत." तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "हरले असते तर रडले असते आणि पुढच्या वेळी परत आले असते. पण हे असलं जिंकणं मला नको."

काका बोलायला गेले. जन्मभर लोकांना "आ करा" सांगणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना तोंड मिटायची खूण केली.

मामा दारात येऊन उभा होता. "माझ्या क्वाडवर बस."

"पण नियम?"

"मी सांगतोय ना, बस. इंजिन बंद आहे. पट्टी दाब आणि सांग कुठे अडते ते."

सगळे शेडमध्ये गेले आणि ती बसली. रागाने अंगठा दाबला. पट्टी आत गेली. अजून आत गेली. पार हँडलला टेकली.

तिने सोडून पुन्हा दाबली. तेच.

ती उडी मारून काकांच्या क्वाडवर बसली. पट्टी हँडलला टेकली. डॉक्टरांच्या क्वाडवरही तेच.

आता काका डोळे पुसत होते आणि त्यांचं पोट हसून हसून हलत होतं. डॉक्टरांनी ओठ घट्ट दाबून धरले होते. मामा छताकडे बघत शीळ घालत होता.

ठिणगीने हळूच मान वळवून आपल्या लाल क्वाडकडे पाहिलं. तिची पट्टी वर्षभरात एकदाही निम्म्याच्या पुढे गेली नव्हती.